उखाण्याशिवाय घेतलेलं नाव

"हे दूध माघारी ने," आबा म्हणाले, "आणि उद्यापासून आणूच नको."

शेवंता धोत्रेनं डोक्यावरची किटली खाली उतरवलीच नाही. "का वो आबा? पाणी हाय का दुधात? फॅट लावून बघा की."

"फॅटचा प्रश्न नाही." आबांनी मांडीवरचा पेपर उचलला, चष्मा सारखा केला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "'खाणीवरील वस्तीत गुप्तरोगाचे प्रमाण चिंताजनक. आरोग्य शिबिरात अनेक महिला बाधित.' ऐकलंस? हे मी म्हणत नाही, सरकार म्हणतंय. उद्या शहरात आपल्या गावचं दूध कुणी घेईना झालं म्हणजे?"

रांगेतले दोघं-तिघं मागं सरकले. शेवंताच्या पाठीमागं वस्तीवरच्या आणखी काही बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. खाली माना घालून त्या आल्या वाटेनं निघून गेल्या.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. गावच्या दूध संस्थेचं संकलन केंद्र आमच्याच बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. आबा, म्हणजे माझे सासरे, संस्थेचे चेअरमन. गावाचं दूध आमच्या दारात यायचं आणि गावाचं बरंवाईट आबांच्या खुर्चीवर ठरायचं. रोज पहिलं माप आमच्या गोठ्याचं, मग गावाचं, आणि सगळ्यांच्या शेवटी खाणीवर दगड फोडणाऱ्या वस्तीचं. हा नियम कुणी केला होता ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मला पाचवा महिना होता. तिसरी खेप. आधीची दोन्ही गेली होती.

थोड्या वेळानं मागच्या दारी कुणीतरी खाकरलं. पाहिलं तर शेवंता. काखेत तिचा वर्षाचा पोरगा, चांगला गुटगुटीत, माझ्याकडे बघून हसणारा.

"वहिनीसाहेब, आबांच्या कानावर घाला की. दगडाचं काम पावसाळ्यात बंद असतंय. ह्या एका गाईवरच चूल पेटती आमची."

"माझं कोण ऐकतंय बाई?" मी म्हणाले. ते खरंच होतं. दोन लेकरं घालवलेल्या सुनेला त्या घरात किंमत नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मात्र माझी केवढी मिजास! डोहाळजेवणाला अख्ख्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. उखाणा घे म्हणून मागं लागल्या आणि मी झोपाळ्यावरून ठसक्यात घेतला होता:

"दुधाच्या घागरीवर सायीचा थर,
रणजीतरावांच्या नावानं भरलं माझं घर."

चेअरमनच्या घरची सून दुधावरच उखाणा घेते म्हणून बायकांनी टाळ्या पिटल्या. पुढं दोन महिन्यांत ते बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला डोहाळजेवण झालं नाही, तिसऱ्या खेपेला त्याचा विषयही नव्हता. सासूबाई मला हळदीकुंकवालाही नेत नसत. कुणा लेकुरवाळीला माझी नजर लागेल अशी भीती त्यांना वाटायची. नागबळी करून झाला होता, नवस बोलून झाले होते. खापर शेवटी माझ्याच पत्रिकेवर फुटलं होतं.

मी शेवंताला पायरीवर चहा दिला. पोरगं माझ्याकडे झेपावलं आणि मी त्याला घेतलं. आतून सासूबाई ओरडल्या, "उज्ज्वला! त्या वस्तीवरच्या पोराला हात लावू नको. पोटात जीव आहे तुझ्या!"

शेवंतानं पोरगं मुकाट्यानं परत घेतलं. "लावू नगा वहिनी. पर एक सांगू? त्या रोगाचं नाव पेपरात आलं म्हणून आमच्यावर थुकत्यात. पण असल्याच शिबिरात, ह्यो पोटात असताना, रगत बघितलं, सुया टोचल्या, म्हणून तर ह्यो जगला. ह्याच्या आधी माझी दोन गेली."

"दोन?"

"एक पोटातच. दुसरं जन्माला आलं आन् तिसऱ्या दिवशी गेलं. काय सांगू तुमाला, त्याच्या तळहाताची, तळपायाची सालं निघत होती. भाजल्यावानी. नाक सारखं गळायचं. दूधबी वढता येईना."

मी शेवंताच्या शेजारी पायरीवर बसले.

माझं दुसरं बाळ शहरातल्या दवाखान्यात झालं होतं. पांढऱ्या फरशीचा, गणपतीच्या मूर्तीचा, चढ्या फीचा दवाखाना. माझ्या बाळाच्या तळहाताची सालं निघत होती. तळपायाचीही. नाक बंद, दूध ओढता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "नाजूक कातडी आहे, होतं असं." चौथ्या दिवशी बाळ गेलं, तेव्हा ते म्हणाले, "देवाची मर्जी."

आणि मला आणखी एक आठवलं. पहिल्या खेपेला त्याच डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. लिहिता लिहिता एक तपासणी खोडली आणि आबांकडे बघून हसत म्हणाले होते, "ही तुम्हाला नको. तुमच्यासारख्या घरात कशाला?" आबाही हसले होते. मला तेव्हा आपलं घर किती मोठं आहे याचाच अभिमान वाटला होता.

"शेवंता, रक्त कुठं तपासतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग चहाचा कप तिनं स्वतःच विसळून पायरीवर पालथा घातला. "बुधवारी साळवे सिस्टर येत्यात वस्तीवर," ती म्हणाली.

बुधवारी मी शनीच्या देवळात जाते असं सांगून निघाले. बुधवारी शनीला कोण जातं, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. पोटुशी सून देवाला चाललीय म्हटल्यावर सगळे खूश होते.

वस्तीवरच्या समाजमंदिरात साळवे सिस्टर टेबल मांडून बसल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, केसांत पांढरी बट, बोलणं चाबकासारखं. मला बघून त्यांचा हात थांबला. "चेअरमनसाहेबांची सून? इथं?"

"माझं रक्त तपासा."

"तुमच्या शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं असेल की."

"साखर तपासली, हिमोग्लोबिन तपासलं. ही तपासणी खोडली. आमच्यासारख्या घरात लागत नाही म्हणाले."

सिस्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा. दंड इकडं करा." रबर बांधता बांधता त्या पुटपुटल्या, "घर बघून रोग येतो असं वाटतं यांना."

"सिस्टर, हे शिबिर गावात का होत नाही? वस्तीवरच का?"

"वरून नाव येतं, बाई. खाणीची वस्ती, धाब्याची वस्ती, तमाशाच्या फडाची वस्ती. तुमच्या गल्लीचं नाव कधी आलं नाही. आणि मी आपण होऊन बंगल्यात रक्त मागायला आले असते, तर तुमच्या सासऱ्यांनी माझी बदली केली असती. मग सापडणार कुठं? जिथं बघितलं तिथंच. बाकीचे सगळे धुतल्या तांदळाचे!"

पुढच्या बुधवारी मी पुन्हा शनीला गेले. सिस्टर मला समाजमंदिराच्या मागं घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐका, हे बरं होतं. पूर्ण बरं होतं. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. आज पहिलं घेतलंत तर हे बाळ वाचायची आशा पुष्कळ आहे. मात्र एक, तुमच्या मालकांनाही घ्यावं लागेल. त्यांनी नाही घेतलं तर सगळं पाण्यात."

"मला कुठून झालं हे?" हा प्रश्न मी विचारला. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी माहेराहून सासरी आणि सासरहून देवळात, याशिवाय कुठं गेले होते?

सिस्टरांनी इंजेक्शन भरलं. ते इतकं दुखलं की पाय टेकवेना. वस्तीवरच्या दोघी मला धरून रस्त्यापर्यंत घेऊन आल्या. त्यांच्यातल्या एकीनंही मला काही विचारलं नाही. आमच्या गल्लीत नुसती शिंक दिली तरी चार घरं कारण विचारतात.

तिसरी सुई होईपर्यंत मी घरात कुणापाशी बोलले नाही. आधी बाळाचं औषध पुरं होऊ दे, मग काय व्हायचं ते होवो, असं ठरवलं होतं. या दिवसांत वस्तीच्या बायका दूध तालुक्याच्या हॉटेलांत घालत होत्या. पायी जायच्या. पोहोचेपर्यंत अर्धं दूध नासायचं. आबा मात्र ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "समाजाचं आरोग्य सांभाळावं लागतं हो. वाईटपणा घ्यावा लागतो." संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्या घरासाठीच केली असावी. पण ते तेव्हा मला पुरतं कळलेलं नव्हतं.

शेवटची सुई झाली त्या दिवशी संध्याकाळी हे गोठ्यात होते. तोवर मी त्यांना 'हे'च म्हणायची. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, गुंफून, लाजत.

"तुम्हाला इंजेक्शन घ्यावं लागेल," मी म्हणाले.

"कसलं?"

मी सांगितलं. सगळं. शेवंताच्या बाळापासून माझ्या रक्तापर्यंत. मला वाटलं होतं, ते चिडतील, दचकतील, माझ्यावरच आळ घेतील. ते दचकलेच नाहीत. कडबा गाईपुढं टाकत राहिले.

"मला कशाला? माझं झालंय ते."

"काय झालंय?"

"इंजेक्शनं. लग्नानंतर लगेच. शहरात. आबाच घेऊन गेले होते, दुसऱ्या एका डॉक्टरांकडे."

मी विचारलं, "डॉक्टर माझ्याबद्दल काही बोलले नाहीत?"

"बोलले. बायकोलाही आणा म्हणाले."

"मग?"

"आबा म्हणाले, तिला कळलं तर माहेरी निघून जाईल. चार गावांत बोभाटा होईल. देवावर सोड. आणि तुला तरी कुठं काही त्रास होत होता?" ह्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाबरू नको. जेवणातून, भांड्यातून, दुधातून हा लागत नाही. घरात माझं ताट वेगळं करायचं का, ते आबांनी तेव्हाच डॉक्टरांना विचारून घेतलंय."

मला त्या वेळी रडू आलं नाही. राग आला, आणि खरं सांगते, तो आजपर्यंत गेलेला नाही. माझी दोन लेकरं मातीत घातली ती यांच्या अब्रूसाठी. मी नागबळीच्या होमापुढं धुरात बसले होते तेव्हा आबा शेजारी हात जोडून उभे होते. त्यांना माहीत होतं! पाच-पन्नास रुपयांच्या सुईचं काम आहे हे माहीत असून त्यांनी भटजीला दक्षिणा दिली. आणि दुधातून हा रोग जात नाही हे स्वतःच्या तोंडानं विचारून घेतलेला माणूस शेवंताचं दूध परत पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी गड्याला म्हणाले, "आज धार मी काढते." पोट सांभाळत दोन्ही गाईंची धार काढली. बादली स्वतः उचलून केंद्रात नेली. बबन मापाडी माझ्याकडे बघतच राहिला. चेअरमनच्या घरची बाई केंद्राची पायरी कधी चढली नव्हती. पण पहिलं माप आमचंच. त्यानं मापलं आणि टाकीत ओतलं. मग मी दाराआड उभी राहिले. गाव आलं. एकेकाचं दूध मापून त्याच टाकीत पडत गेलं.

शेवटी शेवंता आली. तिच्यामागं वस्तीच्या बाकीच्या बायका. रात्रीच गड्याच्या हाती मी निरोप धाडला होता, उद्या दूध घेऊन या म्हणून.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का गं?" आबा खुर्चीतून कडाडले. "रोगट वस्तीचं दूध इथं चालणार नाही!"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर आले.

"आबा, मग ही टाकीही ओतून द्या."

"सूनबाई, आत जा. ही पुरुषांची जागा आहे."

"टाकीत पहिलं दूध आपलं पडलंय. धार मी काढलीय. आणि यांना जो रोग आहे म्हणता, तोच मला आहे. रक्त तपासलंय. तीन इंजेक्शनं घेतलीत. माझी दोन्ही लेकरं त्यातच गेली."

कुणाच्या तरी हातातली किटली फरशीवर आपटली. आबा उभे राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "डोकं फिरलंय हिचं. पोटुशी आहे, काहीबाही बडबडतेय. बबन, आत ने तिला!"

बबन जागचा हलला नाही. रांगेतून एकजण म्हणाला, "वस्तीवर जात होती म्हणं बुधवारी. तिथनंच आणला असंल."

दोघं-तिघं फिसकन हसले. माझ्या सगळ्या अंगाची आग आग झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी जिथं सुई घ्यायला गेले, तिथूनच रोग आणला म्हणे!

"कुठून आणला ते ऐकायचंय?" मी म्हणाले. "ऐका मग. रणजीत. रणजीत आबासाहेब वाबळे. माझा नवरा. लग्न झाल्या झाल्या त्याला इंजेक्शनं दिली, आणि मला दिली नाहीत. नेणारे हे आबा. विचारा त्यांना. डॉक्टरांना विचारून घेतलंय त्यांनी, दुधातून हा रोग जात नाही म्हणून. नसेल विचारलं, तर माझ्या डोळ्याला डोळा भिडवून तसं म्हणावं."

आयुष्यात पहिल्यांदा मी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं होतं. जीभ झडली नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते टाकीकडे बघत होते. सगळं गावच टाकीकडे बघत होतं. अख्ख्या गावाचं सकाळचं दूध होतं त्यात, आणि त्यातून आमचं वेगळं काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. माझ्या लेकरांबद्दल एकजणही हळहळला नाही. वस्तीच्या बायकांची कुणी माफी मागितली नाही. पण रांगेतले म्हातारे किसनराव शेवटी घसा खाकरून म्हणाले, "घे रे बबन तिचं दूध. टाकी कोण ओतणार हाय?"

"घे, घे," मागून आणखी आवाज आले. "दुधातून न्हाय जात म्हणत्यात."

बबननं हात पुढं केला. शेवंतानं किटली दिली नाही. ती आबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आधी फॅट लावा. मागल्या येळी ऱ्हायलं हुतं." दुधाला गावातल्या कुणाहीपेक्षा चांगला फॅट निघाला.

लोक मला विचारतात, त्यानंतर तू माहेरी का गेली नाहीस? मी का जाऊ? घर सोडायचं ते ज्यानं केलं त्यानं. रणजीतनं सिस्टरांपुढं सुईसाठी पुन्हा मुकाट्यानं कंबर उघडी केली, आणि पुढं तो मळ्यातल्या खोलीवरच झोपायला जाऊ लागला. आबा निवडणुकीला उभे राहिले आणि निवडूनही आले. गाव असंच असतं.

मला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात. सिस्टरांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी तिचे तळहात उघडून पाहिले, मग तळपाय. गुलाबी, मऊ, कुठं एक ओरखडाही नाही. तेव्हा मात्र मी रडले. आधीच्या दोघांचंही राहिलेलं रडून घेतलं.

पुढच्या वर्षी सिस्टर पोरीला डोस द्यायला बंगल्यावर आल्या होत्या. मी म्हणाले, "यंदा वस्तीवर काय स्थिती?"

"उत्तम. सगळ्या बऱ्या झाल्या. वर्षभरात नवी म्हणून एकच निघाली." त्यांनी मान वर केली. "ती तुम्ही."

"पण मी वस्तीवरची नाही."

"रक्त वस्तीच्या शिबिरात दिलंत ना? मग आकडा वस्तीच्याच नावावर जातो. तुमचा पत्ता लिहून पाठवला होता मी. वरून म्हणाले, त्या गल्लीसाठी रकानाच नाही."

त्याच आठवड्यात पेपर आला. आबा नेहमीप्रमाणे ओट्यावर चष्मा लावून बसले होते. आतल्या पानावर बातमी होती आणि ते पान त्यांनी घाईनं उलटलं. मी पोरीला कडेवर घेऊन बाहेर गेले, पान पुन्हा मागं उलटलं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं. 'खाणीवरील वस्तीत गुप्तरोगाचा विळखा कायम. नव्या रुग्णाची भर.'

केंद्रावर रांग लागली होती. शेवंताही त्यात होती, आणि आता ती शेवटी नव्हती.

"वाचा आबा," मी म्हणाले. "गेल्या वर्षी वाचलं होतं ना, तसंच. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. आणि पुढं सांगा, ही भर पडली ती तुमच्या घरातून."